किडनी कुरकुर करत नाही

(बचत गटांच्या भगिनींसाठी रेडिओवर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलणाऱ्या बाई निवृत्त आरोग्यसेविका आहेत.)

बायांनो, हातातलं काम चालू द्या. निवडणं-टिपणं, शेंगा फोडणं, जे काय असेल ते. फक्त कान इकडे असू द्या.

मी 31 वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. गावात मला अजून सिस्टरच म्हणतात. आज किडनीविषयी बोलायचं ठरलंय. मूत्रपिंड म्हणा, किडनी म्हणा, एकच. पण आधी माझ्या घरातलं सांगते. ते सांगितल्याशिवाय तुम्हाला चार गोष्टी सांगायचा मला हक्क पोचत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, यंदा 49 वर्षांच्या आहेत. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं त्या डायलिसिसला जातात. चार तास मशीनला, जायला-यायला चार तास. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं, म्हणजे तोही गेला. आठवड्यातले चार दिवस असे संपतात. दिवसाकाठी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी मापून दिलंय. लहान तांब्याभर, त्यातच चहा आणि आमटीचं पाणी. एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा तेवढंच. रानात पाणी असून जी बाई पिली नाही, तिला आता तहान लागली तरी पिता येत नाही.

तरुणपणी त्यांनी दहा-बारा हंगाम ऊसतोड केली. पुढं कंबर धरली, गुडघे धरले. मग रोज संध्याकाळी एक गोळी, कामाचा जोर असला की सकाळी एक आणि संध्याकाळी एक. किराणा दुकानातून आणायच्या. कधी कधी तर मीच माझ्या पिशवीतून काढून दिली. दुसऱ्या बाळंतपणात त्यांचं बीपी वाढलं होतं, पायावर सूज होती, पोर आठव्या महिन्यातच झालं. पोर जगलं, आणि बीपीचं आम्ही सगळे विसरून गेलो. मी पंचक्रोशीतल्या बायांचं बीपी मोजत फिरले, पण माझ्याच घरातल्या बाईच्या दंडाला तो पट्टा कधी बांधला नाही.

सकाळी त्यांचे डोळे सुजलेले दिसायचे. विचारलं तर म्हणायच्या, "झोप जास्त झाली असंल." पहाटे चारला उठणारी बाई, आणि झोप जास्त! तरी मी ते ऐकून घेतलं. पुढं जेवण जाईना, मळमळ, अंगाला खाज, चार पावलं चाललं की दम. तालुक्याला नेलं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन नऊ निघालं. बाईमाणसाचं ते साधारण एकच्या आसपास किंवा त्याच्या आत असतं. डॉक्टर म्हणाले, हे काल-परवाचं नाही, पाच-सात वर्षांचं आहे. पाच-सात वर्षं आम्ही दोघी एकाच चुलीपुढं बसत होतो.

आता किडनी करते काय ते बघा. पाठीत, बरगड्या संपतात तिथं, कण्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. एकेकीत साधारण 10 लाख बारीक गाळण्या. दिवसभरात मिळून त्या रक्तातलं जवळजवळ 180 लिटर पाणी गाळतात. म्हणजे पंधरा लिटरचे बारा हंडे! त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात, बाकीचं सगळं निवडून-टिपून परत रक्तात. शिवाय बीपी ताब्यात ठेवणं आणि रक्त तयार करायचा निरोप हाडांना धाडणं, हेही तिचंच काम. म्हणून एखाद्या बाईचं लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल, तर एकदा किडनीकडंही बघावं लागतं.

आणि ही किडनी कुरकुर करत नाही. पोट दुखतं, दात ठणकतो, किडनी गप्प. निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या निम्म्या सगळं काम ओढतात. आपल्यासारखंच आहे की ते, एक जाऊ आजारी पडली तर दुसरी दोघींचं करते. रक्ताचा तपाससुद्धा तोवर बरा येऊ शकतो. सूज, मळमळ, दम दिसायला लागतो तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

मग हिला त्रास कशानं होतो? सगळ्यात जास्त बीपी आणि शुगरनं. त्यावर शेवटी येते. आधी आपल्या रोजच्या सवयी. पहिली सवय तहान मारायची.

खरं सांगा, खुरपायला जाताना किती जणी पोटभर पाणी पिऊन निघता? सकाळी कपभर चहा, दुपारी भाकरीबरोबर दोन घोट, आणि मग थेट घरी आल्यावर. मी गटाच्या बैठकीत विचारलं तर आधी सगळ्या हसल्या, मग एकीनं सांगितलं, "सिस्टर, पाणी पिलं की जावं लागतंय. जायचं कुठं?" खरं दुखणं हे आहे. रानात आडोसा नाही, शेजारच्या वाफ्यात गडीमाणसं, फडात तर उघडं माळरान. म्हणून बाई पाणीच पीत नाही. आणि कळ आली तरी धरून ठेवते. पाळी चालू असली तर विचारूच नका.

यानं दोन गोष्टी होतात. एक, लघवी थोडी आणि दाट झाली की खडा धरतो, आणि जंतूंनाही फावतं. बाईचा लघवीचा मार्ग आखूड, जेमतेम दीड इंच, त्यामुळं जंतू लवकर वर चढतात. उन्हाळी लागली की आपण धन्या-जिऱ्याचं पाणी पितो, सब्जा घेतो. घ्या, वाईट काही नाही. पण जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत दुखायला लागलं, लघवीतून रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. तो जंतू किडनीपर्यंत पोचलेला असू शकतो. गरोदर बाईनं तर नुसती जळजळ असली तरी थांबू नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. इथून लांब मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर असे देश आहेत. तिथंही ऊस आहे, तिथंही हातानं तोडणी आहे. तिथल्या ऊसतोड्यांत तिशी-चाळिशीतली धडधाकट माणसं किडनी जाऊन मेली. त्यांना ना शुगर होती, ना आधीपासूनचं बीपी. कारण एकच आहे असं अजून ठरलेलं नाही, पण मोठा संशय रणरणत्या उन्हातल्या कष्टावर आणि रोजच्या रोज अंगातलं पाणी आटण्यावर आहे. तिथं काही ठिकाणी तोडणाऱ्यांना सावली, पाणी आणि ठरलेल्या वेळेला विश्रांती द्यायला सुरुवात झाली, तेव्हा किडनीची इजा कमी झालेली दिसली. आपल्या देशातही आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम नावाचा नारळ-काजूचा पट्टा आहे. तिथं किडनीचे रोगी फार, आणि नेमकं कारण अजून हाती आलेलं नाही. मी हे सांगते कारण आपल्याकडनं दर वर्षी टोळ्या निघतात. कोयता नवरा-बायकोचा धरतात, पण फडात पाण्याचा विचार कोण करतं?

म्हणून नुसतं पाणी प्या म्हणून भागत नाही. आमच्या वाडीतल्या बायांनी काय केलं ते सांगते. चार काठ्या आणि दोन जुनी लुगडी. बांधाच्या कोपऱ्यात रोवली, झाला आडोसा. पुढं त्यांनी ठरवूनच टाकलं, ज्याच्या रानात जायचं त्याला आधी सांगायचं, आडोसा आणि प्यायला पाणी दिलं तर येतो. पहिला मालक हसला. खुरपणीचे दिवस, बाया मिळेनात, दोन दिवसांनी त्यानंच बांबू आणून दिले. एकटी बाई बोलली असती तर तिला कामावरून काढली असती. दहाजणी बोलल्या.

किती पाणी प्यायचं हे ऊन आणि काम बघून ठरतं. सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. वाळलेल्या गव्हाच्या काडासारखी फिकट असली की बरं. मोहरीच्या तेलासारखी गडद झाली की पाणी कमी पडलं. घरातनं निघताना दोन पेले, आणि कामावर दर अर्ध्या तासाला चार घोट. कॅनला ओलं फडकं गुंडाळा, गार राहतं. पातळ ताक, लिंबाचं पाणी चांगलं, त्यात मिठाची मूठ सोडू नका म्हणजे झालं. बाटलीतलं रंगीत गोड पाणी हे पाण्याच्या जागी धरायचं नाही. मात्र ज्यांना हृदयाचा आजार आहे, पायावर सूज आहे किंवा किडनीचा आजार आधीच सांगितलाय, त्यांनी माझं ऐकून पाणी वाढवू नये. त्यांचं माप डॉक्टर देतील.

दुसरी सवय गोळीची. अक्कांनी मला बजावून सांगितलंय, गोळ्यांचं नीट सांग.

दिवसभर वाकून काम केलं की अंग दुखणारच. फडात तर खाडा झाला की पैसे कापतात, उचल अंगावर असते, म्हणून दुखणं झाकून मोळ्या वाहायच्या. मग दुकानात मिळेल ती गोळी. कुणी लाल म्हणतं, कुणी अंगदुखीची म्हणतं. पाकीट उलटं करून बघा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, यातलं काही लिहिलेलं असेल तर ती किडनीला जाणारं रक्त कमी करणारी गोळी आहे. डॉक्टरांनी तीन-चार दिवस दिली, निभावून जातं. पण दिवसभर उन्हात अंग सुकलंय, पोटात पाणी नाही, आणि वरून ही गोळी, म्हणजे ओढ्याला आधीच धार बारीक आणि त्यात वरच्या अंगाला बांध घातला. बीपी, शुगर असलेल्यांना, साठी ओलांडलेल्यांना धोका आणखी जास्त. जुलाब-उलट्या चालू असताना तर ही गोळी हातातसुद्धा धरू नका. तेव्हा ओआरएस घ्या. ते नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

मग दुखायला लागलं की काय करायचं? पॅरासिटामॉलची गोळी ठरलेल्या मापात घेतली तर किडनीला त्यामानानं बरी. तीही रोजची सवय नको. गरम पाण्याचा शेक, तिळाच्या तेलानं चोळणं, आणि महिनाभर दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवणं. लावायचं मलम हे गोळीपेक्षा कमी धोक्याचं. आणि गावात येऊन कुणी गुडघ्यावर खात्रीचं भस्म, पुडी, काळी गोळी विकत असेल, कशाची आहे ते सांगत नसेल, तर घेऊ नका. असल्या पुड्यांत शिसं, पारा सापडलेला आहे आणि तो किडनीलाच लागतो. आयुर्वेदाचं घ्यायचं तर शिकलेल्या वैद्याकडं जा.

एक मात्र ध्यानात ठेवा. बीपीची, शुगरची गोळी ही या दुखण्याच्या गोळीसारखी नाही. "गोळ्यांनी किडनी जाते" असं ऐकून बऱ्याच बाया बीपीची गोळी सोडतात. उलट आहे. ती सोडल्यानं किडनी जाते.

तिसरी गोष्ट मीठ. यात बाईमाणसाचं वेगळंच आहे. आपण शेवटी जेवतो. भाजी संपलेली असते, मग भाकरी आणि ठेचा, भाकरी आणि लोणचं, नाहीतर सुकट. म्हणजे घरात एकाच चुलीवरचं खाऊन सगळ्यात जास्त मीठ बाईच्या पोटात जातं. याचा कुणी कधी हिशेब केलाय?

हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ. चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 40 दिवस पुरायला पाहिजे. पुडा फोडला की त्यावर पेनानं तारीख घाला. संपला की दिवस मोजा. जनावरांच्या आंबोणात घातलेलं वजा करा, पापड-लोणच्याला काढलेलं मात्र वजा करायचं नाही, तेही आपल्याच पोटात जातं. आमच्या पाच माणसांच्या घरात पुडा 22 दिवसांत संपायचा. मी माणसा-दिवसाचं गणित केलं तर नऊ ग्रॅम निघालं. मी लोकांना सांगणारी बाई!

आम्ही एकदम अळणी केलं नाही. तसं केलं असतं तर आमच्या दिरांनी ताट सरकवलं असतं. आधी भाताचं मीठ बंद केलं, मग भाकरीच्या पिठातलं. वरून घ्यायची वाटी ताटाजवळून उचलून फडताळात ठेवली. ठेच्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळलं, दाण्याचं कूट वाढवलं. आता पुडा 34-35 दिवस जातो. चाळिसाला अजून पोचलो नाही. पापडखार आणि खायचा सोडा हाही मिठाचाच भाऊ, म्हणून पापड-कुरडया सणापुरत्या. आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्या, फरसाण, नूडल, त्यात किती मीठ असतं ते आपल्या पुड्याच्या हिशेबात धरलेलंच नाही. पोरं दिवसाला दोन-दोन खातात.

सैंधव, काळं मीठ, खडे मीठ यानं चालतं का, असं नेहमी विचारतात. नाही चालत, ते मीठच आहे. आणि कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. किडनी बिघडलेल्या माणसाला ते धोक्याचं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. शहाळ्याचंही तसंच. धडधाकट माणसाला उत्तम, पण अक्कांना भेटायला येणारे पाहुणे प्रेमानं शहाळी आणतात आणि ती आम्हाला पोरांना द्यावी लागतात. अक्कांच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.

मुतखड्याचं थोडक्यात. खडा झाला म्हणून दूध सोडू नका. जेवणातला चुना पोटातच आंबट क्षाराला धरतो आणि बाहेर नेतो. पालक, चुका रोज नको. बोअरच्या पाण्याला नाव ठेवण्यापेक्षा ते पाणी पुरेसं पितो का ते आधी बघा.

चहा दिवसाला सहा वेळा होत असेल तर दोन-दोन चमच्यांनी बारा चमचे साखर झाली. कमी करा, एवढंच म्हणते. मिश्री मात्र सोडायलाच हवी. तंबाखू भाजली म्हणून तिचा गुण जात नाही. ती बीपी वाढवते, नसा आखडते. दात घासायला कडुलिंबाची काडी आहे की.

आता तपासणी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचं बीपी आणि शुगर उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताई फॉर्म भरून घेते. 140 वर 90 च्या पुढं बीपी दोनदा आलं तर ते बीपीच आहे, "उन्हातनं आले म्हणून वाढलं" हे एकदाच चालतं. शुगर किंवा बीपी असेल, गरोदरपणात बीपी वाढलं होतं, घरात कुणाची किडनी गेलीय, वारंवार खडा होतो, किंवा वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यात, अशा बायांनी वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन दोन्ही तपासून घ्यावं. लघवीला फेस येऊन तो टिकून राहत असेल तर वर्षाची वाट बघू नका. लघवीत प्रथिन आधी दिसतं, क्रिएटिनिन मागनं वाढतं. तेव्हा सापडलं तर आजार पुष्कळ वर्षं थोपवता येतो. गरोदरपणी बीपी वाढलेली बाई प्रत्येक गावात चार-पाच तरी असतात. गटात बसून आठवा, नावं निघतील. मी आता तेच करत फिरते.

आणि ज्यांच्या घरी हे आलंच आहे, त्यांनी जमीन विकायला काढू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. 2016 पासून केंद्राच्या कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ते मोफत मिळतं. रेशन कार्ड, आधार घेऊन योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मशीनचे पैसे लागत नाहीत, पण बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडते ती कुठल्या योजनेत नाही. बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून आमचं निभतंय.

दसरा झाला की टोळ्या निघतील. त्याआधी ज्या जाणार आहेत त्यांचं बीपी बघून घ्या, पाण्याचा कॅन आणि दोन जुनी लुगडी बोचक्यात बांधून द्या, आणि मुकादमाशी पाण्याचं बोलणं उचल घेतानाच करून घ्या. नंतर तो ऐकत नाही.

उद्या अक्कांचा मशीनचा दिवस. पहाटे उठून त्यांचा अळणी डबा करायचाय. येते मी. नमस्कार.